बापाची शाळा

मुलांस शाळेंत न घालतां घरींच शिकवावें, हा विचार आजकाल पुष्कळ सुशिक्षित घरांतून पुन्हां ऐकूं येतो. अशा आईबापांनीं, लंडनच्या उत्तरेस न्यूइंग्टन ग्रीन येथें सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं चाललेल्या एका घरच्या शाळेचा वृत्तांत एकदां तरी वाचावा, असें आम्हांस वाटतें. या शाळेंत गुरु एकच, तो बाप. आणि पहिला विद्यार्थी त्याचा थोरला मुलगा. बापाचें नांव जेम्स मिल्ल, मुलाचें जॉन स्टुअर्ट मिल्ल. आगरकरांनीं ज्याचे ग्रंथ आदरानें वाचले, तोच हा मिल्ल. शिवाय ज्या मेजाशीं बसून हा मुलगा ग्रीक शिकला, त्याच मेजावर त्याचा बाप ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहीत होता. तेव्हां या घराचा आपल्याशीं अगदींच संबंध नाहीं असें नव्हे.

जेम्स मिल्ल हा स्कॉटलंडांतील एका जोडे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. तो एडिंबरोस शिकला, लंडनला आला आणि मासिकांतून लेख लिहून पोट भरूं लागला. १८०६ च्या मे महिन्याच्या २० तारखेस जॉन जन्मला. पुढें मुलांची संख्या नऊ झाली. कायमची प्राप्ति कांहीं नाहीं, इतिहासाचें प्रचंड काम डोक्यावर घेतलेलें, आणि तशांत मुलांचें शिक्षणहि या गृहस्थानें स्वतःकडेच ठेविलें! १८१० पासून १८१३ अखेरपर्यंत हें कुटुंब न्यूइंग्टन ग्रीन येथें राहात होतें. तेव्हां हा भाग शहराच्या कडेचा, जवळजवळ खेड्यासारखाच होता.

त्या घरांतील दिनक्रम मोठा पाहण्यासारखा आहे. न्याहारीपूर्वीं बाप हॉर्न्सीच्या बाजूच्या हिरव्या पाणंदींतून फिरावयास निघे, आणि मुलगा त्याच्याबरोबर असे. आदल्या दिवशीं वाचलेल्या पुस्तकांतील मुद्दे मुलानें कागदाच्या चिठ्ठ्यांवर टिपून ठेविलेले असत. त्यांच्या आधारें तो चालतां चालतां सारी हकीकत बापास सांगे. हीं पुस्तकें बहुधा इतिहासाचीं असत. ह्यूम, गिबन, रॉबर्टसन यांचे जाडजूड खंड त्यानें या वयांतच वाचले. गोष्टींचीं पुस्तकें फार थोडीं. त्यांतलें रॉबिन्सन क्रूसो त्यास जिवापाड आवडे.

ग्रीक भाषेस प्रारंभ झाला तो वयाच्या तिसऱ्या वर्षीं, शब्द व अर्थ लिहिलेल्या पत्त्यांवरून. त्या काळीं ग्रीक शब्दांचा अर्थ इंग्रजींत देणारा कोश नव्हता. जो होता तो लॅटिनमध्यें, आणि लॅटिन तर मुलास अजून येत नव्हतें. त्यामुळें जो शब्द अडे तो बापास विचारावा लागे. बाप स्वभावानें अत्यंत उतावळा. पण तो हातांतलें लिखाण थांबवून प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगे. ज्यांनीं घरीं लेखनाचें काम केलें आहे, त्यांस यांतील तपश्चर्या निराळी सांगावयास नको. संध्याकाळीं अंकगणित असे. तें मात्र मुलास मुळींच गोड लागत नसे.

आठव्या वर्षीं लॅटिन सुरू झालें, आणि त्याबरोबरच या विद्यार्थ्याचा पंतोजी झाला. धाकट्या बहिणीस त्यानें शिकवावयाचें व तिनें तो धडा बापास म्हणून दाखवावयाचा, असा नियम होता. पुढें इतर भावंडेंहि या वर्गांत येऊन बसलीं. हें काम त्यास आवडलें नाहीं; पण दुसऱ्यास शिकविल्यानें आपलें ज्ञान पक्कें झालें, हें त्यानेंच मागाहून मान्य केलें आहे.

या शिक्षणाचा खरा गाभा पाठांतर नव्हता. मुलास स्वतः विचार करून जें सांपडण्यासारखें असेल, तें त्याचा प्रयत्न थकल्याशिवाय बाप कधीं सांगत नसे. तेराव्या वर्षीं अर्थशास्त्राचे पाठ फिरतांना तोंडीं झाले. मुलानें रोज त्यांचा सारांश लिहावयाचा आणि तो नीट उतरेपर्यंत पुन्हां पुन्हां लिहावयाचा. १८२१ सालीं प्रसिद्ध झालेलें बापाचें अर्थशास्त्रावरील पुस्तक या टिपणांवरूनच तयार झालें. हिंदुस्थानचा इतिहास १८१७ सालीं छापून निघाला, त्या वेळीं मुलगा हस्तलिखित वाची आणि बाप मुद्रितें तपाशी. आपली बुद्धि सामान्य मुलांपेक्षां अधिक नव्हती, उलट थोडी कमीच असेल, असें मिल्लचें म्हणणें होतें. तें कितपत ग्राह्य धरावें हें वाचकांनींच ठरवावें. पण बापाच्या श्रमांचें फळ थोर होतें, यांत शंका नाहीं.

आतां या शाळेची किंमत पाहूं. सुट्टी अशी नव्हतीच, कारण कामाची सवय मोडेल ही भीति. बरोबरीचे सवंगडी नव्हते. हातांनीं करावयाच्या साध्या कामांत हा मुलगा जन्मभर अजागळ राहिला. बापाच्या वागण्यांत उणें होतें तें मायेचें, असें त्यानें पुढें लिहिलें. आणि आई? नऊ मुलांचा संसार जिनें ओढला, त्या हॅरिएट मिल्लचा १८७३ सालीं निघालेल्या मुलाच्या आत्मचरित्रांत उल्लेखहि नाहीं! शिक्षण त्या घरांतच चाललें होतें, परंतु घराची जी धनीण तिला त्यांत जागा नव्हती. आमच्या मतें या शाळेचें मोठें व्यंग हेंच.

१८२३ सालीं जॉन ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत बापाच्या हाताखालीं कामास लागला. १८२६ च्या शरदऋतूंत, विसाव्या वर्षीं, त्यानें स्वतःस एक प्रश्न विचारला: आपण ज्या सुधारणांसाठीं झटतों त्या साऱ्या या क्षणीं घडून आल्या, तर आपणांस आनंद होईल काय? मनानें स्पष्ट नाहीं म्हटलें. तो हिंवाळा त्यानें घोर खिन्नतेंत काढला. नित्याचें काम मात्र यंत्रासारखें चालू होतें. मार्माँतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचतांना, बापाच्या मृत्यूनंतर कुटुंबाचा भार शिरावर घेणाऱ्या मुलाच्या प्रसंगापाशीं त्याचे अश्रु वाहूं लागले, तेव्हां कोठें तो भार हलका होऊं लागला. पुढें १८२८ मध्यें वर्ड्स्वर्थची कविता त्यास भेटली व भावनांचेंहि पोषण करावें लागतें हें त्यानें ओळखलें. घरच्या शाळेंत हा विषय शिकविलाच गेला नव्हता.

असें असूनहि मिल्ल घरच्या शिक्षणाचा शत्रु झाला नाहीं. १८५९ च्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत त्यानें म्हटलें कीं प्रत्येक मूल शिकतें कीं नाहीं हें सरकारनें पाहावें. पण सर्वांस एका सांच्यांत ओतूं नये. इंग्लंडांत १८८० सालीं मुलांची हजेरी सक्तीची झाली. तथापि १९४४ च्या कायद्यानें मूल शाळेंत अथवा अन्य रीतीनें शिकविण्याची मुभा स्पष्ट ठेविली, आणि १९९६ च्या कायद्यानें ती पुढें चालविली आहे.

कायद्याची मुभा असो वा नसो, मूल घरीं शिकविण्याचा निश्चय करणाऱ्यांनीं मिल्लच्या घरांतून दोन गोष्टी घ्याव्या. अडलेल्या शब्दासाठीं दहा वेळां लेखणी खालीं ठेवण्याची त्या बापाची चिकाटी आपणांस साधेल काय, हें आधीं पाहावें. आणि ती साधली तरी मुलास सवंगडी, सुट्टी व आईचा सहवास यांपैकीं कशासहि मुकूं देऊं नये.