चुकीच्या खात्यावरचे फूल



गेल्या रविवारी स्वाध्यायाहून परतताना एक मैत्रीण आमच्या पायरीपाशी थांबली. कुंडीत हातभर उंच दांडा, टोकाला निळ्या फुलांचा गोल झुबका. "लिली का गं ही?" तिने विचारले. मला हसू आले. या झाडाचे नावगाव ओळखण्यात माणसे तीनशेहून अधिक वर्षे चुकत आली आहेत. आणि या झाडापायी माझीही एक चूक झाली आहे. आज दोन्ही सांगते.

झाडाचे नाव अगापँथस. नर्सरीत त्याला 'नाईलची लिली' म्हणतात. मी बी.कॉम. झालेली, नोंद तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. तपासली तर कळले, हे ना नाईलचे, ना लिली. नाईल नदी आफ्रिकेच्या उत्तरेला समुद्राला मिळते. याचे माहेर त्याच खंडाच्या पार दक्षिणेला.

१६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने दक्षिण आफ्रिकेत केप येथे ठाणे वसवले. आपल्या वेंगुर्ल्याला जिची वखार होती, तीच ही कंपनी. पूर्वेकडे ये-जा करणाऱ्या जहाजांना ताजी भाजी आणि पाणी मिळावे म्हणून तिने तिथे मळा केला. परतीच्या जहाजांतून मसाल्यांबरोबर केपची झाडे आणि कंदही हॉलंडला जाऊ लागले. सतराव्या शतकाच्या अखेरीस अगापँथस युरोपात पोहोचले. इंग्लंडमध्ये हॅम्प्टन कोर्टच्या राजबागेत १६९२ मध्ये ते असल्याची नोंद आहे.

झाड आले, पण ते कोणत्या खात्यावर मांडायचे हे ठरेना. आधी त्याला हायसिंथ म्हटले. १७५३ मध्ये लिनियसने क्रायनममध्ये टाकले. १७८८ सालच्या आपल्या ग्रंथात लेरितिए या फ्रेंच माणसाने त्याचे स्वतंत्र खाते उघडले. हा गृहस्थ पेशाने न्यायखात्यातला, वनस्पतिशास्त्र स्वतःच शिकलेला. लंडनच्या बागांतली झाडे पाहून त्याने तो ग्रंथ लिहिला. ग्रीक भाषेत अगापे म्हणजे प्रेम, अँथॉस म्हणजे फूल. इतके गोड नाव देणाऱ्या या माणसाचा १८०० साली पॅरिसमध्ये घराजवळच खून झाला आणि खुनी कधीच सापडला नाही.

गोंधळ तरीही संपला नाही. पश्चिम केपच्या डोंगरातले आफ्रिकानस हे मोठे हट्टी झाड. वणवा लागून गेला की ते भरभरून फुलते, कुंडीत मात्र रमत नाही. आपल्या कुंड्यांत येते ते पूर्वेकडचे प्रीकॉक्स. पण बागवानांनी पहिल्याचे नाव दुसऱ्याला चिकटवून टाकले. १९६५ मध्ये फ्रान्सेस लेटन या दक्षिण आफ्रिकेतल्या विदुषीने सगळी झाडे तपासून दहा जाती मांडल्या. २००३ मध्ये पेशींतला डीएनए मोजून त्या सहावर आणल्या गेल्या. नर्सरीतल्या पाट्यांवर अजून बरेचदा आफ्रिकानसच लिहिलेले असते.

तिथल्या खोसा बायकांना मात्र झाडाची ओळख कधीच चुकली नाही. बाळ सुदृढ व्हावे म्हणून त्या याच्या मुळ्यांची माळ गळ्यात घालत आल्या आहेत. (आपण घरी औषध म्हणून काही करू नये, याचा चीक अंगाला खाजतो.)

आणि ही लिली नव्हे तर मग कोण? २००९ च्या शास्त्रीय वर्गवारीत कांदा, लसूण, नर्गिस आणि अगापँथस एकाच कुळात आहेत. म्हणजे कांदा आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही आणि त्याचा भाऊबंद पायरीवर डुलतो आहे!

सासूबाईंना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांनी झाड बरोबर ओळखले होते. १९९६ साली आम्ही उटीहून रोप आणले. पाच वर्षांत कुंडी गच्च भरली. गड्डा कापून चार रोपे करावीत, एक नणंदेला द्यावे, असे माझ्या मनात आले. सासूबाई म्हणाल्या, "तो कंदच की गं. त्याला सुरी कशाला लावतेस? बी धरू दे." वाळलेल्या बोंडांतले काळे, चपटे बी त्या कागदाच्या पुडीत जपून ठेवत.

बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षे लागतात. मला तेवढा धीर नव्हता. चातुर्मासात त्या मुनिदर्शनाला बाहुबलीला गेल्या आणि मी सुरी घेतली. भर पावसात कापलेले, ओल्या मातीत लावलेले. चारांतले दोन तुकडे कुजले. सासूबाई परत आल्यावर मी सांगितले, "मांजराने कुंडी पाडली, गड्डा फुटला." त्यांनी कुजलेल्या तुकड्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुडी उघडून त्यांनी बी पेरले.

त्या वर्षी क्षमावाणीला त्यांनीच आधी मला हात जोडले. मीही जोडले, 'उत्तम क्षमा' म्हटले, पण कशाबद्दल ते म्हटले नाही. पुढची अकरा वर्षे हेच चालले. मग त्या गेल्या. खोटी नोंद तशीच राहिली, बिचाऱ्या मांजराच्या नावावर.

हिशेबातली चूक सापडते, तेव्हा जुने पान फाडायचे नसते. आजच्या तारखेला दुरुस्तीची नोंद घालायची असते. ती आज इथे घालते. कुंडी मांजराने पाडली नव्हती. गड्डा मी कापला होता आणि सासूबाईंशी खोटे बोलले होते.

माझ्या हातचे ते दोन तुकडे पुढे जगले नाहीत. पायरीवर आज फुलते ते सासूबाईंच्या बियांचे झाड आहे. सकाळचे ऊन, पाण्याचा निचरा होणारी माती आणि थोडी दाटी, एवढ्यावर ते खूश असते. यंदाचे बी तयार झाले की पुड्या बांधीन. हवी तिने मागून घ्या; पण धीर धरायची तयारी असेल तरच.