पैनगंगेपलीकडची जमीन

पुसदहून माहूरगडाला जाणारा माणूस धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडतो. रेणुकेच्या दर्शनाच्या ओढीत तो पूल कधी मागे पडला, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. परंतु निजामाची राजवट संपेपर्यंत ही नदी दोन राजवटींमधली सीमा होती. अलीकडे १८५३च्या तहापासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला वऱ्हाड, पलीकडे हैदराबाद संस्थान. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. त्या पलीकडच्या डोंगरांतून गोंड आणि कोलाम आपल्या भूमीवरून कसे हटवले गेले, हा आजच्या धाग्याचा विषय. धागा जरा लांब आहे.

विस्थापन म्हटले की आपल्याला प्रथम अमेरिकेतील चेरोकी आठवतात, आणि ते योग्यच आहे. १८३०मध्ये अमेरिकी काँग्रेसने आदिवासींना मिसिसिपीच्या पश्चिमेस हलवण्याचा कायदा केला. त्या वेळी चेरोकींकडे सिक्वोयाने घडवलेली स्वतःची लिपी होती, १८२७ची लिखित राज्यघटना होती, १८२८पासून निघणारे वृत्तपत्र होते. १८३२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्याविरुद्ध निकाल देऊन चेरोकींच्या प्रदेशात त्या राज्याचे कायदे चालणार नाहीत, असे सांगितले. त्याच वर्षी जॉर्जियाने त्यांच्या जमिनींची गोऱ्या नागरिकांसाठी सोडत काढली! पुढे १८३५च्या डिसेंबरात मूठभर लोकांनी केलेला तह साऱ्या जमातीवर लादला गेला. जॉन रॉस या प्रमुखाने पंधरा हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन पाठवले. ते वाया गेले. १८३८मध्ये सैन्य आले. सुमारे १६,००० माणसे हाकलली गेली आणि त्यांतली सुमारे ४,००० दगावली, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

त्या भूमीत सोने सापडले होते, हे सर्वांना ठाऊक असते. कापसाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. दक्षिणेकडील राज्यांना कापसासाठी नवी जमीन हवी होती, आणि ती आदिवासींच्या ताब्यात होती. पुढे १८६१मध्ये त्याच कापूसवाल्या राज्यांनी यादवी युद्ध ओढवून घेतले, लँकेशायरच्या गिरण्यांचा पुरवठा तुटला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर खिळली. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत ज्वारीच्या बरोबरीने कापूस चढला, भाव चढले, जमिनीला किंमत आली. पैनगंगेच्या अलीकडे पडीक जमीन कमी होऊ लागली, तशी माणसे पलीकडे पाहू लागली. कापूस हेच एकमेव कारण होते असे मी म्हणणार नाही. पण तो धागा दोन्ही खंडांतून जातो, एवढे खरे.

पलीकडे काय होते? उटनूर, आसिफाबाद, किनवट, राजुरा या पट्ट्यात राजगोंडांची गावे होती. चांद्याच्या गोंड राजांचे राज्य अठराव्या शतकाच्या मध्यास बुडाले, तरी डोंगरात त्यांचे मोकाशी आणि पाटील यांचा मान टिकून होता. त्यांची शेती फिरती असे. हलक्या जमिनीचा एक तुकडा काही वर्षे कसायचा, मग तो विसाव्यासाठी पडीक टाकायचा आणि दुसरा कसायचा. पडीक तुकडाही गावाचाच, हे सर्वांना ठाऊक असे. ते कुठे लिहून ठेवावे लागते, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सालारजंगाने हैदराबादचा कारभार नव्या धर्तीवर बसवला. मोजणी आली, पट्टे आले. ज्याच्या नावे पट्टा तो मालक. ज्या जमिनीवर त्या वर्षी नांगर नाही ती सरकारी पडीक. गोंडांची विसावलेली जमीन या न्यायाने एका रात्रीत बेवारस ठरली. जो तहसिलीत अर्ज करील त्याला ती मिळू लागली. अर्ज कसा करायचा, कोणापुढे उभे राहायचे, कोणत्या भाषेत बोलायचे, हे ठाऊक असलेले लोक बाहेरून आले : तेलंगणातून तेलुगू शेतकरी, शहरांतून व्यापारी आणि सावकार, आणि वऱ्हाड व चांद्याकडून मराठी शेतकरी.

हे वाक्य आपल्याला जरा थांबून वाचावे लागेल. चेरोकींची कथा वाचताना आपण सहज पीडितांच्या बाजूला उभे राहतो, कारण तिथे आपले कोणी नव्हते. पैनगंगेच्या पलीकडे मात्र आलेल्यांमध्ये आपली भाषा बोलणारे होते. त्यांतले बरेच स्वतः गरीब होते, कर्जबाजारी होते, पोटापाठी निघाले होते. त्यांनी कोणावर बंदूक रोखली नाही, कागद केला. जो गोंड काल मालक होता तो त्याच मातीत कूळ किंवा सालदार झाला. पट्टा नसताना जे कसत राहिले त्यांची नोंद ‘शिवाय-जमाबंदी’ अशी होई, म्हणजे वर्षापुरती वहिवाट, केव्हाही उठवता येणारी.

मैदानातून मागे सरकलेल्यांना डोंगर उरला होता. विसाव्या शतकात तोही गेला. वनखात्याने राखीव जंगलाच्या सीमा आखल्या आणि त्या आखताना विसावलेली शेते, कधीकधी वसती गावेही रेषेच्या आत घेतली. सर्वांत मोठा घाव कोलामांवर बसला. यवतमाळ जिल्ह्यात आपण त्यांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतो. पलीकडचे कोलाम डोंगरउतारावर कुदळीने शेती करीत. बैल-नांगर त्यांच्याकडे नव्हतेच. गोंड त्यांना ‘पुजारी’ म्हणत, कारण त्या डोंगरांच्या देवांशी बोलण्याचा अधिकार कोलामांचा मानला जाई. त्या पुजाऱ्यांनाच डोंगर सोडावा लागला. काही जण खाली येऊन इतरांच्या शेतावर मजूर झाले, काही एका जंगलातून दुसऱ्या जंगलात हटत राहिले.

या हटण्यास कोणी अडवले, तर ते कुमरा भीमूने. तेलुगूत त्याचे नाव कोमरम भीम झाले. आपल्याकडचे ‘कुमरे’ आडनाव त्याच कुळाचे. त्याच्या आयुष्याभोवती आता बऱ्याच आख्यायिका जमल्या आहेत, त्या बाजूला ठेवल्या तरी गाभा स्पष्ट आहे. धनोरा जंगलातील बाबेझरी येथे त्याने आणि त्याच्या साथीदारांनी जमीन तोडून वस्ती केली. वनरक्षकांनी घरे जाळली. त्याने आधी रीतसर दाद मागितली. ती लागली नाही, तेव्हा त्याने सरकारला आव्हान दिले. १९४०मध्ये जोडेघाटच्या डोंगरावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तो आणि त्याचे अनेक साथीदार मारले गेले.

निजाम सरकार हादरले ते त्यानंतर. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ युद्धकाळात ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून हैदराबाद संस्थानात अडकून पडला होता. सरकारने गोंडांच्या तक्रारींचा शोध घेण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. मारलवाईला राहून त्याने लिहिलेल्या अहवालांमुळे १९४०च्या दशकात आदिवासींना दीड लाख एकरांहून अधिक जमिनीचे पट्टे मिळाले आणि १९४६मध्ये आदिवासी क्षेत्रासाठी खास नियमावली आली. मारलवाईत गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्रही निघाले. तिथे गोंडी वाचनपुस्तके तयार झाली ती देवनागरीत, कारण त्या भागातल्या गोंडांची बाजारहाटाची भाषा मराठी होती. त्याच लिपीत त्यांची मुले पहिले अक्षर गिरवू लागली.

पुढचे लवकर सांगता येते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मराठी मुलखात आले, उटनूर आणि आसिफाबाद आंध्रात गेले. एकाच कुळाची माणसे दोन राज्यांच्या कायद्यांखाली विभागली. दिलेल्या पट्ट्यांतली बरीच जमीन पुन्हा हातची गेली. महाराष्ट्राला आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत करण्याचा कायदा १९७४मध्ये करावा लागला. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्याच प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेरा मृतांचा, गावकरी तो कितीतरी अधिक सांगतात.

इंद्रवेल्लीजवळच केसलापूर आहे. पुष्य अमावास्येला तिथे मेसराम कुळाचा नागोबा भरतो, आणि महाराष्ट्रातूनही गोंड त्याला जातात. हायमेनडॉर्फच्या काळी, १९४०च्या दशकात, त्या जत्रेत दरबार भरवण्याची प्रथा पडली : अधिकाऱ्यांनी डोंगरात यायचे आणि लोकांनी आपली गाऱ्हाणी समोर मांडायची. तो दरबार अजूनही भरतो. त्यात येणाऱ्या अर्जांमध्ये जमिनीच्या पट्ट्यांचे अर्ज अजूनही असतात.