भुताच्या मागचा माणूस

भुताचा सिनेमा म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण त्याचाही एक इतिहास आहे, आणि त्यात बायकांनी लक्ष द्यावं असं पुष्कळ आहे.

इटालियन भाषेत पिवळ्या रंगाला ‘जाल्लो’ म्हणतात. १९२९ साली मोन्दादोरी या प्रकाशनाने पिवळ्या वेष्टनातल्या स्वस्त रहस्यकथा काढल्या, आणि तिकडे रहस्यकथेचंच नाव जाल्लो पडलं. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांची पुस्तकं जशी हातोहात फिरत, तसंच ते. पुढे १९६३ मध्ये मारिओ बाव्हाने याच वळणाचा चित्रपट काढला. रोममध्ये आलेली एक परकी मुलगी रात्री खून होताना बघते. सांगते, तर कुणाचा विश्वास नाही! तिलाच भास झाला म्हणतात. त्यानंतर असे कमी खर्चाचे कितीतरी चित्रपट निघाले. काळे हातमोजे घातलेला खुनी, मरणारी बहुधा बाईच. खुनी मात्र शेवटी हाडामांसाचा माणूस निघायचा.

आपल्याकडे स्वस्तातली भीती आणली रामसे कुटुंबाने. फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेल्या फतेहचंद रामसे यांचं रेडिओचं दुकान होतं. त्यांच्या सात मुलांनी काम वाटून घेतलं: तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण आवाज. १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ महाबळेश्वरला चित्रित झाला. घरातल्या बायका सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधत. पडद्यावर नाव भावांचं, चुलीपाशी घाम बायकांचा. हे आपल्याला नवीन नाही! १९८४ च्या ‘पुराना मंदिर’ने तर गल्ला भरला. पण रामसेंच्या सिनेमात भूत खरंच असतं. मंत्र, त्रिशूळ, तांत्रिक, सगळं आलंच.

जाल्लोच्या जास्त जवळचा आपला मराठी चित्रपट म्हणजे वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’, १९७६ चा. हृदयनाथ मंगेशकरांची गाणी घराघरात वाजली, म्हणून कथा मागे राहिली. वाड्यात नरसूच्या भुताची दहशत, मनाने कोलमडलेली आशा काळे यांची नायिका. आणि उलगडा होतो तेव्हा भुताच्या आड माणसाचाच डाव दिसतो.

मला हे महत्त्वाचं वाटतं. आमच्या बरकतपुऱ्यात बसून मराठवाडाही दूर नाही आणि तेलंगणातली खेडीही नाहीत. तिकडे जी भानामती, ती इकडे बाणामती. कुणाचं पोर दगावलं, गाय आटली, की बोट कुणाकडे जातं? बहुतेक वेळा एकट्या, गरीब बाईकडे. मग मारहाण, गावाबाहेर काढणं. याविरुद्ध आयुष्य घालवणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात त्याच वर्षी झाला. इतक्या वर्षांची मागणी, पण त्याआधी एक जीव गेला.

म्हणून मुलं-नातवंडं भुताचा सिनेमा लावतात तेव्हा नुसतं ‘बंद करा’ म्हणू नये. सोबत बसावं आणि विचारावं, बाबा रे, यात भूत कोण, आणि भुताचं नाव पुढे करून फायदा कुणाचा झाला? आणि पडद्यावरची बाई ‘मी पाहिलंय’ म्हणून सांगते तेव्हा तिचं कुणी ऐकलं का, तेही विचारावं. घरातली सून, शेजारची म्हातारी काही सांगू बघते, तेव्हा आपण तरी ऐकतो का?