नेव्हिल डिसोझाचे चार गोल: ‘पहिला’ हा शब्द लिहिण्याआधी

मागच्या काही लेखांत आपण संशोधनाचा प्रश्न कसा निवडायचा, तो लहान कसा करायचा, हे बघितलं. आज एक तयार दावा हातात घेऊ आणि तो टिकतो का ते तपासू. दावा असा: ‘ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणजे नेव्हिल डिसोझा.’

माझं पीएच.डी.चं काम संख्याशास्त्रातलं, जुन्या आणि तुटक नोंदींमधून निष्कर्ष कसा काढायचा यावरचं. त्यामुळे असं वाक्य दिसलं की पहिला प्रश्न डोक्यात येतो: हे कोणी मोजलं, आणि कशातून मोजलं? पण आधी माणूस कोण ते सांगते.

मुंबईचा सेंटर फॉरवर्ड

नेव्हिल डिसोझा, जन्म १९३२. गोमंतकीय, पण खेळाडू म्हणून नाव झालं ते मुंबईत. टाटा आणि कॅलटेक्स या कंपन्यांच्या संघांकडून तो खेळला. जागा सेंटर फॉरवर्डची, म्हणजे गोल करणं हेच काम.

त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणा. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याचा चाकरमानी बोटीने मुंबईला जायचा आणि गिरणगावात गावच्या खोलीवर उतरायचा. गोव्याच्या माणसाला तशीच सोय गावाच्या ‘कूड’मध्ये मिळायची. फुटबॉलसाठी मुंबईत कूपरेज होतं, १८९१ पासूनचा रोव्हर्स कप होता, हार्वूड लीग होती. १९५४ मध्ये मुंबईने संतोष ट्रॉफी पहिल्यांदा जिंकली आणि १९५८ मध्ये कॅलटेक्सने रोव्हर्स कप नेला. कंपन्या खेळाडूला नोकरी द्यायच्या आणि तो कंपनीच्या संघातून खेळायचा.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. १९५६ मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १५ ऑगस्ट १९५५ ला, आपल्या बांद्याच्या पलीकडे पत्रादेवीला, सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता. त्यानंतर सव्वा वर्षाने डिसोझा आडनावाचा एक गोमंतकीय मेलबर्नला भारताच्या बाजूने गोल करत होता. फक्त आकड्यांचा तक्ता पाहिला तर ही गोष्ट त्यात सापडणार नाही.

मेलबर्न, १ डिसेंबर १९५६

प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. पहिल्या फेरीत भारतासमोर हंगेरी होती, म्हणजे १९५२ चे सुवर्णपदक विजेते. पण त्याच शरदात हंगेरीत उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली. उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी.

गोलांचा क्रम असा:

९ वे मिनिट – डिसोझा, भारत १-०
१७ वे – ब्रूस मॉरो, १-१
३३ वे – डिसोझा, २-१
४१ वे – मॉरो, २-२
५० वे – डिसोझा, ३-२
८० वे – कृष्णस्वामी (किट्टू), ४-२

भारत उपांत्य फेरीत पोहोचला. तिथवर जाणारा तो पहिलाच आशियाई संघ. ४ डिसेंबरला युगोस्लाव्हियाविरुद्ध ५२ व्या मिनिटाला डिसोझानेच गोल करून भारताला १-० ने पुढे नेलं, पण नंतर युगोस्लाव्हिया ४-१ ने जिंकला. ७ तारखेला कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० ने हरवलं. भारत चौथा. ऑलिंपिक फुटबॉलमधली आपली सर्वोत्तम कामगिरी आजही हीच.

दावा तपासायचा कसा?

आपल्यातले बहुतेक जण गुगल करतील. दहा ठिकाणी तेच वाक्य दिसेल आणि आपण म्हणू, दहा स्रोत आहेत, म्हणजे खरं असणार. थांबा. दहाही ठिकाणी ते एकाच जागेवरून उचललेलं असेल तर तुमच्याकडे स्रोत एकच आहे.

आवश्यक अट वापरली तर हे काम सोपं होतं. खेळाडूने तीन गोल करायचे तर त्याच्या संघाचे किमान तीन गोल हवेत. म्हणून आधी प्रत्येक खेळाडू शोधत बसू नका. १९५६ च्या आधी आशियाई संघाने ऑलिंपिकमध्ये तीन किंवा जास्त गोल केलेले सामने तेवढे काढा.

१९३६, बर्लिन: जपानने स्वीडनला ३-२ हरवलं, मग इटलीकडून ०-८ हरले. चीन ब्रिटनकडून ०-२ हरला.
१९४८, लंडन: कोरियाने मेक्सिकोला ५-३ हरवलं, मग स्वीडनकडून ०-१२ हरले. भारत फ्रान्सकडून १-२, चीन तुर्कस्तानकडून ०-४, अफगाणिस्तान लक्झेंबर्गकडून ०-६.
१९५२, हेलसिंकी: भारत युगोस्लाव्हियाकडून १-१०.

चाळणीतून उरले दोनच सामने. जपानचे तीन गोल तीन वेगवेगळ्या खेळाडूंचे. कोरियाच्या पाच गोलांत कोणा एकाचे दोनपेक्षा जास्त नाहीत. आता खुद्द १९५६: जपान ऑस्ट्रेलियाकडून ०-२, थायलंड ब्रिटनकडून ०-९, आणि इंडोनेशियाने सोव्हिएत संघाला ०-० रोखलं पण फेरसामन्यात ०-४ हरले. म्हणजे दावा टिकला.

यात मी एक व्याख्या वापरली आहे: तुर्कस्तानला युरोपात धरलंय. ‘आशियाई’ म्हणजे कोण, हे मोजायला बसण्याआधी ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. निकाल दिसल्यावर व्याख्या बदलणं हा संशोधनातला सगळ्यात सहज घडणारा गोंधळ.

लेबल खरं आहे, पण ते काय झाकतं?

दावा खरा निघाला की विद्यार्थी खुश होऊन पुढच्या प्रकरणाकडे वळतात. मला मात्र खरं काम इथून पुढे दिसतं.

त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल तिघांचे: डिसोझा, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, प्रत्येकी चार. तिघेही संघ तीन-तीन सामने खेळले. तिघांनीही उपांत्यपूर्व फेरीत हॅटट्रिक केली आणि पुढे एकेक गोल केला. तक्त्यात तिघे अगदी बरोबरीत.

आता वरचा गोलांचा क्रम परत बघा. डिसोझाचा पहिला गोल ०-० असताना, दुसरा १-१ असताना, तिसरा २-२ असताना, आणि युगोस्लाव्हियाविरुद्धचा पुन्हा ०-० असताना. चारही गोल बरोबरीत असलेल्या सामन्यात भारताला पुढे नेणारे. उरलेल्या दोघांच्या हॅटट्रिक झाल्या त्या ६-१ आणि ९-१ अशा एकतर्फी सामन्यांत. एकूण संख्या सारखी असली तरी गोलांचं वजन सारखं नाही. हे कळायला नवीन विदा लागली नाही. मिनिटं आधीपासून छापलेली होती, फक्त बेरीज करताना आपण ती टाकून दिली होती. बेरीज करताना क्रम हरवतो, हे तुमच्या प्रयोगशाळेतल्या नोंदींनाही लागू आहे.

मग उत्साहाच्या भरात उलट्या टोकाला जाऊ नका. चार हा नमुना फार लहान आहे. यावरून ‘तो दडपणाखालीच जास्त चांगला खेळायचा’ असा स्वभाव सिद्ध होत नाही. त्या आठवड्यात काय घडलं एवढंच त्यातून कळतं, आणि इतिहास लिहायला तेवढं पुष्कळ आहे.

दोन ठरीव निष्कर्ष

मेलबर्नबद्दल लिहिणारे साधारण दोन गटांत पडतात. एक गट म्हणतो, सुवर्णकाळ होता. दुसरा म्हणतो, कसला सुवर्णकाळ, हंगेरीने पुढे चाल दिली, सोळापैकी पाच संघ आलेच नाहीत, ऑस्ट्रेलियाचं फुटबॉल तेव्हा कच्चं होतं.

दुसऱ्या गटाची माहिती बरोबर आहे. पाच संघ खरंच आले नाहीत आणि अकराच खेळले. पण बारकाईने बघा: हंगेरी न आल्यामुळे भारत उपांत्यपूर्व फेरीत गेला. उपांत्य फेरीत तो गेला ते चार गोल करून. पुढे चाल मिळाली म्हणून पुढचे गोल फुकटचे ठरत नाहीत.

पहिल्या गटाचा आवडता पुरावा असा: १९५२ मध्ये युगोस्लाव्हियाकडून १-१०, चार वर्षांनी त्याच युगोस्लाव्हियाकडून १-४. केवढी सुधारणा! वाचायला छान वाटतं. पण ‘त्याच’ या शब्दावर बोट ठेवा. देशाचं नाव तेच, संघ बराचसा वेगळा. १९५२ चे बोबेक, मितिच, चायकोव्स्की १९५६ मध्ये नव्हते. शिवाय हेलसिंकीच्या थंडीत भारताचे काही खेळाडू अनवाणी खेळले होते, मेलबर्नला सगळ्यांच्या पायात बूट होते. प्रतिस्पर्धी, हवा, बूट आणि प्रशिक्षकाचं चार वर्षांचं काम, एवढं सगळं एकदम बदललं असताना फरकाचं श्रेय एकट्या कोणाला देता येत नाही. रहीम साहेबांवर ‘मैदान’ हा चित्रपट २०२४ मध्ये आला. चित्रपटाला एक नायक लागतो, ते ठीकच आहे. तुमच्या प्रबंधाला तशी सक्ती नाही.

नोंद कोणाची राहते?

डिसोझाची कारकीर्द लिहायला बसलात तर एक विचित्र आकार दिसतो. मेलबर्नचे तीन सामने मिनिटामिनिटाला उजळलेले, आणि आजूबाजूची मुंबईतली वर्षं मात्र वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांत विखुरलेली. याला कारण आहे.

त्याच काळातला इंग्लंडचा व्यावसायिक फॉरवर्ड घ्या. तिथे व्यावसायिकतेला १८८५ मध्ये मान्यता मिळाली, लीग १८८८ पासून सुरू झाली. खेळाडूचा करार क्लबशी. १९६१ पर्यंत तर पगारालाही कमाल मर्यादा होती, शेवटी आठवड्याला २० पौंड. म्हणजे त्याची प्रत्येक हजेरी कोणाच्या तरी हिशोबाच्या वहीत होती. म्हणून आज सत्तर वर्षांपूर्वीच्या मधल्या फळीतल्या इंग्लिश खेळाडूचेही सामने मोजता येतात. डिसोझा कंपनीचा नोकर होता. पगार नोकरीचा, गोल हौसेचे. जिथे करार आणि पैसा, तिथे कागद. नोंद नसणं म्हणजे कामगिरी नसणं नव्हे.

सन्मानांचंही असंच. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. फुटबॉलमध्ये पहिला मिळाला पी. के. बॅनर्जींना, १९६२ मध्ये तुलसीदास बलराम यांना. दोघेही मेलबर्नच्या संघातले, आणि दोघेही त्या मानाचे हक्कदारच. डिसोझाचं नाव त्या यादीत नाही. त्याचा बहराचा काळ पुरस्कार सुरू होण्याआधीचा. संख्याशास्त्रात आम्ही म्हणतो, निरीक्षण उशिरा सुरू झालं तर आधी घडलेल्या घटना नमुन्यातून गळतात. उद्या कोणी ‘अर्जुन पुरस्कार विजेत्यांवरून भारतीय फुटबॉलचा इतिहास’ असा विषय घेतला तर ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा माणूस त्याच्या विदेत नसेलच. यादी खोटी नाही, पण ती १९६१ ला सुरू होते, हे प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहायला हवं.

१९८० मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी डिसोझा गेला. आज सिंधुदुर्गातल्या शाळेत विचारा, मेस्सी सगळ्यांना माहीत असतो. सीमेपलीकडच्या या माणसाचं नाव क्वचित ऐकू येतं.

या आठवड्याचं काम

पेट किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्यांसाठी एक सराव. तुमच्या गावातला ‘पहिला’ असा एक दावा निवडा: पहिली शाळा, पहिला पदवीधर, स्पर्धेत पहिलं शतक, काहीही. मग चार ओळी लिहा. एक, ‘पहिला’ कशातला, म्हणजे व्याख्या. दोन, तो खरा असण्यासाठीची आवश्यक अट, जिच्यामुळे शोध लहान होईल. तीन, नोंद कोणी आणि का ठेवली. चार, ती नोंद कुठल्या वर्षी सुरू झाली आणि त्याआधीचं काय गळलं.

आणि गावातल्या क्रीडा मंडळाकडे जुन्या स्पर्धांच्या गुणवह्या असतील तर आधी त्यांचे फोटो काढून ठेवा. आपल्याकडच्या पावसात कागद फार वर्षं टिकत नाही.