बोस्टनच्या बर्फापासून झापच्या लशीपर्यंत: घरातल्या फ्रिजची गोष्ट

आजचा विषय पाहून तुम्हाला वाटेल, डॉक्टर आता फ्रिज दुरुस्त करायला लागले की काय! तसं नाही. पण तुमच्या फ्रिजमध्ये दूध-भाजीबरोबर इन्शुलिन असेल, डोळ्यांत घालायचे थेंब किंवा बाळाचं एखादं औषध असेल, तर तो फ्रिज औषधाचं कपाटही झालेला असतो. हे कपाट आपल्यापर्यंत कसं आलं ते कळलं, की त्याची निगा का आणि कशी राखायची हेही कळतं.

फ्रिज नव्हता तेव्हा

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर अन्न टिकवण्याचा जुना उपाय म्हणजे वाळवणं. मोहाची फुलं, सुकी मासळी, कणगीतली नागली. पाणी उरलं की जंतू वाढतात, म्हणून पाणीच काढून टाकायचं. गारव्यासाठी मातीचं मडकं. मडक्यातून झिरपणारं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असते तेव्हा हे छान चालतं. पावसाळ्यात हवेतच ओल असते, त्यामुळे मडकं फारसं गार होत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बोटीतून आलेला बर्फ

१८३३ साली बोस्टनहून एक जहाज तळ्यांत गोठलेला बर्फ घेऊन कोलकात्याला आलं. निघताना सुमारे १८० टन बर्फ होता. चार महिन्यांच्या प्रवासानंतर, विषुववृत्त दोनदा ओलांडूनही, सुमारे १०० टन शिल्लक होता. कोणतंही यंत्र नव्हतं. जाड भिंती, भुसा-तूस अशी भर आणि बंद झाकण, एवढंच. पुढच्याच वर्षी असा बर्फ मुंबईतही उतरला.

यातला धडा आजही तोच आहे: थंडी टिकवायची म्हणजे बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही. तुमच्या फ्रिजच्या दाराचं रबर हेच काम करतं. दारात कागदाचा तुकडा अडकवून दार बंद करा आणि कागद ओढा. तो सहज सुटून आला, तर रबर सैल झालंय. आधी साबणाच्या कोमट पाण्यानं ते पुसून पाहा. बऱ्याचदा चिकट मळामुळेच दार नीट बसत नाही.

विषारी वायूंचा काळ

पुढे यंत्रं आली. फ्रिज थंडी ‘तयार’ करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. म्हणून फ्रिजची बाजू किंवा पाठ गरम लागते. तिथे हवेला जागा हवी. फ्रिज भिंतीला चिकटवला, मागे पिशव्या कोंबल्या, तर उष्णता जाणार कुठे?

सुरुवातीच्या घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत आणि ते गळून माणसं दगावत. बर्लिनमधल्या अशाच एका कुटुंबाची बातमी वाचून आइन्स्टाइन आणि झिलार्ड यांनी हलते भाग नसलेल्या फ्रिजवर काम केलं होतं. १९३०च्या सुमारास ‘सुरक्षित’ फ्रिऑन आला, पण त्या जातीचे वायू ओझोनचा थर विरळ करतात हे पुढे उमगलं आणि १९८७च्या माँट्रियल करारानं त्यांना आवर घातला. आज घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला धोकादायक नाही, पण जळणारा आहे. म्हणून फ्रीजरमधला बर्फ सुरी-उलथन्यानं खरवडू नका. नळीला भोक पडलं तर फ्रिज जातोच, वर आगीचा धोका.

फ्रीजर खाली कसा गेला?

भारतात १९५८ साली गोदरेजनं देशी फ्रिज बनवायला सुरुवात केली. जुन्या फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पा वर असे, कारण थंड हवा जड असते आणि आपोआप खाली उतरते. पंखा आल्यावर ही अट गेली. थंड हवा हवी तिकडे ढकलता येऊ लागली. मग रोज लागणारी भाजी वर आणि क्वचित उघडायचा फ्रीजर खाली, अशी सोय झाली. गुडघे-कंबर दुखणाऱ्यांना ती मानवते.

पण सोयीबरोबर नव्या तक्रारीही आल्या. यातल्या बहुतेक फ्रिजमध्ये गारवा खाली तयार होतो आणि पंख्यानं, मागच्या भिंतीतल्या झडपांमधून वर येतो. म्हणून:

- खाली बर्फ कडक, पण वरचं दूध नासतंय? आधी झडपांसमोर भांडी आडवी आलीत का ते पाहा.
- तरीही फरक नाही? सामान काढून, प्लग काढून, दारं उघडी ठेवून एक दिवस जाऊ द्या. नंतर फ्रिज नीट चालला आणि काही दिवसांनी पुन्हा तेच झालं, तर साचलेला बर्फ वितळवणारी यंत्रणा बिघडलेली असू शकते. ते काम मेकॅनिकचं.
- फ्रीजरच्या तळाशी पाणी किंवा बर्फाची लादी दिसते? वितळलेलं पाणी बाहेर नेणारं भोक बहुधा तुंबलंय. प्लग काढून, बर्फ आपोआप वितळू देऊन कोमट पाण्यानं ते मोकळं करा.

जव्हारहून झापला

१९८५ साली देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. लस कारखान्यातून निघाल्यापासून बाळाच्या दंडापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. जिथे रस्ता पावसात वाहून जातो आणि वीज बेभरवशाची, तिथे हे कसं जमवायचं? त्यासाठी आरोग्य केंद्रात वरून उघडणारी, आतून बर्फाचं अस्तर असलेली पेटी असते. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला आयएलआर म्हणतात. झाकण उघडलं तरी जड थंड हवा आतच राहते. दिवसात आठ तास वीज मिळाली तरी तिचं भागतं. तिचं तापमान रोज दोनदा नोंदवलं जातं.

डिसेंबर २०२१मध्ये जव्हारहून झाप गावी कोविड लशीचे सुमारे ३०० डोस ड्रोननं पाठवले गेले. रस्त्यानं चाळीसेक मिनिटं लागणारं अंतर नऊ-दहा मिनिटांत पार झालं. बातमी ड्रोनची झाली. पण तो उडण्याआधी आणि उतरल्यानंतर ती लस कुणीतरी थर्मामीटर बघत सांभाळली होती, म्हणून त्या उड्डाणाला अर्थ होता.

आणि धोका फक्त उष्णतेचा नसतो. धनुर्वात, हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट यांसारख्या लशी गोठल्या तर निकामी होतात. इन्शुलिनचंही तसंच. गोठून वितळलेलं इन्शुलिन दिसायला पूर्वीसारखंच असू शकतं, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. साखर अचानक वाढते आणि रुग्ण म्हणतो, “डॉक्टर, पथ्य तर पाळतोय!”

आरोग्य केंद्राची शिस्त तुमच्या घरी

१. न उघडलेलं इन्शुलिन मधल्या फळीवर, डब्यात ठेवा. दारात नको, फ्रीजरमध्ये तर नकोच, आणि झडपेसमोरही नको. गोठलेलं फेकून द्या.

२. एक साधा फ्रिज-थर्मामीटर घ्या. २ ते ८ अंश पाळा. साधारण ४ वर ठेवलंत तर अन्न आणि औषध दोन्ही सुरक्षित.

३. वीज गेली की दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गार राहतो, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. गच्च भरलेला फ्रीजर बराच जास्त टिकतो.

४. बराच वेळ कोमट राहिलेला भात, मटण, दूध चाखून पाहू नका. काही जंतूंचं विष पुन्हा उकळूनही जात नाही.

५. गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढा. वीज आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून फ्रिज लावा. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर घ्या.

६. वापरात असलेलं इन्शुलिन बहुधा चार आठवडे फ्रिजबाहेर, साधारण २५ ते ३० अंशांपर्यंत चालतं. नेमकी मर्यादा पाकिटावर पाहा. एप्रिल-मेमध्ये फ्रिज नसेल तर कोरड्या डब्यात घालून, दोन मडक्यांच्या मध्ये ओली वाळू भरून आतल्या मडक्यात ठेवा. पावसाळ्यात हा उपाय फारसा चालत नाही, हे वर पाहिलंच. तेव्हा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा.

फ्रिज महिनाभर बिघडलेला असेल आणि त्याच महिन्यात तुमची साखर वाढली असेल, तर गोळ्या-इन्शुलिनचा डोस स्वतःहून वाढवू नका. नवीन इन्शुलिन आणा आणि डॉक्टरांना भेटाल तेव्हा फ्रिजबद्दलही सांगा.