रेशनचे कार्ड, कुपनाची कात्री

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा चिटणीसबाईंनी प्रत्येकीला एकेक विषय वाटून दिला. कुणाच्या वाट्याला जात्यावरच्या ओव्या आल्या, कुणाच्या वाट्याला उन्हाळी वाळवणे. माझ्याकडे मात्र एका तरुण सभासद भगिनीचा प्रश्न आला. तिची नणंद अमेरिकेत असते. तिकडच्या बायका वर्तमानपत्रातली कुपने कापतात, पिठाची वेगळी, साबणाची वेगळी अशी पाकिटात लावून ठेवतात आणि दुकानात ती दाखवून किराण्याच्या बिलात चांगली घट करून घेतात. "आपल्या आया-आज्या इतक्या काटकसरी, मग त्यांना हे कसे सुचले नाही?" असा तिचा प्रश्न.

प्रश्न वरवर साधा दिसतो, पण त्याचे उत्तर द्यावयाचे तर आपल्या कोठीघराचा ऐंशी वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो. तो पुस्तकांतून फारसा आढळत नाही. लढायांच्या तहनाम्यांतून जेवढा कागद खर्ची पडला, त्याच्या हजाराव्या हिश्शानेही गृहिणीच्या यादीवर पडलेला नाही. म्हणून जे थोडेफार वाचले, ऐकले आणि भोगले, ते येथे मांडते.

कुपन ही अमेरिकेची चीज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अटलांटा शहरात कोका-कोला हे नवे पेय खपविण्यासाठी 'हा कागद दाखवा आणि एक पेला फुकट प्या' अशी तिकिटे वाटली गेली. १८९६ साली अमेरिकेतच स्पेरी अँड हचिन्सन नावाच्या कंपनीने हिरवी तिकिटे काढली. दुकानदाराने ती गिऱ्हाइकाला द्यावयाची, गिऱ्हाइकाने वहीत चिकटवावयाची, आणि वह्या भरल्या की भांडे किंवा दिवा घरी न्यावयाचा. १९३० नंतरच्या मंदीत लाखो माणसे बेकार झाली, तेव्हा कुपने कापणे हा तिकडच्या गृहिणीचा नित्याचा उद्योग झाला. त्यांची कात्री पोटासाठी चालत होती, हौसेसाठी नव्हे, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे ती कात्री का चालली नाही? कारण आपल्याकडे वर्तमानपत्र कापीत होता तो वाणी! आठवून पाहा. डाळ, साखर, धने, जे मागाल ते पोत्यातून निघे, तराजूत पडे आणि जुन्या वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून हाती येई. वर गुंडाळलेला दोरा आई सोडवून रिळावर गुंडाळून ठेवी आणि कागदाची घडी करून फडताळात घाली. कुपनाला आधी बंद पुडा हवा, पुड्यावर नाव हवे आणि नावापुढे छापील किंमत हवी. आमच्या तुरीच्या डाळीला यांपैकी काहीच नव्हते. तिची किंमत वाण्याच्या मनात असे आणि मोजदाद त्याच्या वहीत. महिनाअखेरीस ती वही उघडली म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाचा चेहरा पाहवत नसे.

मापेही आपली वेगळी होती. दोन निठव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे आम्ही पाढ्यांसारखे पाठ केले होते. माप शिगेचे की सपाट, यावरच सारी काटकसर अवलंबून असे. मापाच्या टोकावरचा तो छोटा डोंगर आमच्या आईच्या दृष्टीने सोन्याचा होता. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅमची वजने येऊ लागली, आणि हा डोंगर ढासळला. सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे, म्हणजे एका आण्याचे सहा नवे पैसे आणि वर पाव. तो पाव कुणाच्या पदरात पडावयाचा यावरून मंडईत रोज वाद होत. हिशेब सोपा झाला हे खरे, पण तो अंगवळणी पडेपर्यंत अडाणी बायकांचे नुकसान झाले, हेही तितकेच खरे.

पण मी जरा पुढे धावले. किराण्यासाठी कागद जपून ठेवण्याची सवय आपल्याला लागली ती त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धात. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ हे साल बंगालच्या दुष्काळाचे. त्याच वर्षी २ मे रोजी मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि पुढे पुण्यासारख्या शहरांतही ते आले. १९४६ साली माणशी रोजचा शिधा बारा औंसांवर आला, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ३४० ग्रॅम. कष्टाचे काम करणाऱ्या माणसाच्या भाकरीला ते किती पुरे पडावयाचे? महात्मा गांधींच्या आग्रहाने १९४७ च्या डिसेंबरात नियंत्रण उठू लागले, भाव भडकले, पुढच्याच वर्षी ते पुन्हा बसले, आणि अखेर १९५४ साली रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना ते उठले. इंग्लंडातले रेशनिंगही त्याच वर्षीच्या जुलैत संपले. तेथे दुकानदार वहीतली कुपने कापून घेत.

कुपन हा शब्द एकच, पण कागद दोन जातींचे, हे येथे ध्यानात घ्यावे. कंपनीचे कुपन सांगते, 'अधिक घे, स्वस्त देतो.' रेशनचे कुपन सांगते, 'एवढेच मिळेल, पण तेवढे मिळेलच.' पहिल्यात सवलत आहे, दुसऱ्यात हक्क आहे. माझी आई रेशनचे कार्ड देवघरात, पोथीच्या खाली ठेवी. तिला पोथी वाचता येत नसे, पण कार्डावरचे आकडे मात्र नेमके कळत. पाहुणे आले म्हणजे तिच्या कपाळावर आठी उमटे, ती अगत्याच्या अभावी नव्हे. कार्डावर पाहुण्यांचे नाव नसे.

आणि खरे सांगावयाचे तर कार्डावर तिचे नाव तरी कोठे होते! होते, पण वडिलांच्या नावाखाली. रांगेत ती उभी राही, पिशवी ती उचली, धान्यातले खडे ती निवडी, आणि कुटुंबप्रमुख मात्र तो, ज्याने रेशनचे दुकान कधी पाहिलेही नव्हते. आमच्या घरात यावाचून काही अडले नाही. पण ज्या बाईला नवऱ्याने टाकले होते, जी दिराशी भांडून वेगळी निघाली होती, तिने काय करावे? नवे कार्ड हवे तर जुन्यातून नाव कमी केल्याचा दाखला हवा, आणि जुने कार्ड ज्याच्या ताब्यात तो दाराशीही उभे करीत नाही. मंडळाच्या कामात असे प्रसंग मी स्वतः पाहिले आहेत. नावे सांगणे बरे नव्हे. काहीजणी या पानांच्या वाचक आहेत.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. तेव्हा मी नवी सून होते. ज्वारीऐवजी तांबडा मिलो आला. त्याच्या भाकरीला ना चव, ना चिकटपणा. ती थापता थापताच हातात मोडे आणि सासूबाई म्हणत, "पोरीचा हातच वळत नाही." हात वळत होता, पीठच वळत नव्हते! खेडोपाडी दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती. तेल, साखर, रॉकेल सगळ्यांसाठी रांगा. त्याच वर्षी मुंबईत निरनिराळ्या पक्षांच्या बायका आपापले झेंडे बाजूला ठेवून एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी ही त्यातली ठळक नावे. हाती लाटणे घेऊन आणि थाळ्या बडवीत गृहिणींचे मोर्चे निघाले. घरात पोळ्या लाटावयाचे लाटणे रस्त्यावर आले, याची त्या वेळी थट्टाही पुष्कळ झाली. थट्टा करणाऱ्यांच्या घरीही रॉकेल नव्हतेच.

मोर्चाने भाव नरमतात, पण महिन्याची यादी मोर्चाने भरत नाही. तिला रोजचा उपाय हवा. तो पुण्यातून निघाला, याचा आपल्याला अभिमान वाटावयास हरकत नाही. दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. गायक-संगीतकार सुधीर फडके यांचा तिला हातभार होता. पद्धत अशी, की शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून एक संघ करावयाचा. महिन्याची मागणी प्रत्येकीने छापील यादीवर लिहून द्यावयाची. सर्व संघांच्या मागण्या एकत्र करून माल घाऊक भावाने, पारखून घ्यावयाचा. तो एका सभासदाच्या घरी उतरे आणि तेथे बायका आपणच तो वाटून घेत. जाहिरात नाही, दुकानाचे भाडे नाही, उधारीची वही नाही. त्याआधी सहकारी भांडारे नव्हती असे नाही. नायगावच्या गिरणगावात १९४८ साली अपना बाजारचे मूळ रुजले होते. पण यादी हाच दुकानाचा पाया करावयाचा, ही कल्पना मला विशेष मोलाची वाटते. अमेरिकेतल्या बाईने शंभर कुपने कापली, तरी दुकानात ती एकटीच असते. येथे पन्नास याद्या एकत्र झाल्या, की घाऊक व्यापारी खुर्ची पुढे करतो.

मग कुपने आपल्याकडे आली ती केव्हा? पुडे आले तेव्हा. १९७७ च्या नियमांनी बंद पुड्यावर वजन, किंमत आणि बनविणाऱ्याचे नाव छापणे सक्तीचे झाले. १९९० पासून सर्व कर धरून कमाल किरकोळ किंमत छापावी लागू लागली. दरम्यान १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला (आता त्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे). किंमत छापली गेली म्हणजे ती कमी केल्याचे दाखविता येते. 'दोनवर एक फुकट' ही पाटी छापील किमतीखेरीज शोभली नसती. नोकरदारांना कचेरीतून जेवणाची कुपने मिळू लागली, ती वाण्याकडेही चालत. वर्तमानपत्रांतून रोज एक कुपन येऊ लागले. ते तक्त्यावर चिकटवावयाचे आणि तक्ता भरला की भेटवस्तू.

या शेवटच्या प्रकारात मीही सापडले होते. स्टीलच्या डब्यांच्या मोहाने तीन महिने न चुकता कापाकापी केली. तक्ता कपाटाच्या दाराला आतून लावला होता. एके दिवशी नातवाने नेमक्या त्या पानाची होडी केली. एक चौकोन रिकामा राहिला आणि वाटपाच्या ठिकाणच्या मुलाने तक्ता तसाच परत केला. त्याचे बरोबरच होते. पण त्या तीन महिन्यांत मी एका ऐवजी दोन वर्तमानपत्रे विकत घेतली होती. तो खर्च मांडला असता, तर डबे दुकानातून आणणेच स्वस्त पडले असते. कुपनाचा हिशेब करताना, जी वस्तू एरवी घेतलीच नसती तिची किंमत धरावयास आपण विसरतो. दहा रुपये वाचले म्हणून नव्वदाचा जॅम आणला, तर वाचले काय?

आता तर कात्रीही लागत नाही. कुपन फोनवर येते आणि अंगठ्याने दाबले की लागू होते. रेशनच्या दुकानातही अंगठाच लागतो, यंत्रावर. अप्पर इंदिरानगरातून मंडळाच्या शिवणवर्गाला येणाऱ्या एका भगिनीच्या बोटांच्या रेषा धुण्याभांड्यांनी झिजल्या आहेत. यंत्राला तिची ओळख पटण्यास कधी दोन, कधी चार वेळा बोट टेकावे लागते. फोनवरची सवलत तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण ती थोडे थोडे घेते आणि सवलत पुष्कळ घेणाराला असते. तिचा आधार रेशनचाच. १ मे १९९९ पासून आपल्या राज्यात पिवळी, केशरी आणि पांढरी कार्डे झाली. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, हरभऱ्याची डाळ, साखर आणि पामतेल असा 'आनंदाचा शिधा' मिळाला, तेव्हा तिच्या घरी फराळ झाला.

आणि एक गोष्ट झाली आहे, जिचा गाजावाजा व्हावयास हवा होता तितका झाला नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या तेराव्या कलमाने, पात्र कुटुंबातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री हीच शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख ठरते. शिवणवर्गाच्या त्या भगिनीने आपले कार्ड मला मुद्दाम आणून दाखविले. पहिल्या ओळीत तिचे नाव होते. मी ते दोनदा वाचले. पोथीखाली ठेवलेले आईचे कार्ड मला त्या वेळी आठवले.

राहिला आपला प्रश्न. बिबवेवाडीकरांच्या उशाशी गुलटेकडीचा मार्केट यार्ड आहे. ज्या भुसारासाठी आमच्या वाडवडिलांना नाना पेठ, भवानी पेठ गाठावी लागे, तो आता चालत जाण्याच्या अंतरावर आला आहे. तरीही आपल्यापैकी बहुतेकजणी फोनवरची सवलत पाहून पाच पाच किलो गहू घरपोच मागवितात. पूर्वी आपल्या मंडळातर्फे उन्हाळ्यात लोकवनची पोती एकत्र आणण्याची प्रथा होती. जिन्याखाली वाटप चाले, काटा एकीकडे आणि वही दुसरीकडे. ज्यांना एक पोतेही एकरकमी परवडत नसे, त्यांना दहा किलो त्याच भावाने मिळत, कारण खरेदी सगळ्यांची मिळून असे. वाहून आणणाऱ्यांची वये झाली आणि ती प्रथा थांबली.

चिटणीसबाईंशी बोलणे झाले आहे. यंदा मार्चमध्ये नवा गहू यार्डात आला, की भाव काढावयास दोघी-तिघी जाणार आहेत. मागणीची वही शिवणवर्गाच्या टेबलावर ठेवली आहे. दहा किलोंपासून पुढे कितीही लिहावे. निवडण्यासाठी आणि एरंडेल चोळण्यासाठी दुपारी दोन ते पाच सभागृह मोकळे आहे. काटा मात्र कुणाकडे असेल तर कळवावे. आपला जुना एका बाजूला झुकतो.