धीराची वचने आणि कोल्हापूर

कोल्हापूर शहराच्या उत्तरेस, पंचगंगेच्या काठी कसबा बावडा हे जुने गाव आहे. शाहू छत्रपतींचा जन्म २६ जून १८७४ रोजी येथील लक्ष्मीविलास राजवाड्यात झाला, एवढी एकच गोष्ट त्याला इतिहासात स्थान मिळवून देण्यास पुरेशी आहे. परंतु त्या जन्मापूर्वी सुमारे बावीस वर्षे, १८५२ च्या अखेरीस, या पंचक्रोशीत एक निराळ्याच प्रकारचे गृहस्थ येऊन राहिले होते. रेव्हरंड रॉयल गोल्ड वायल्डर हे त्यांचे नाव. हे अमेरिकन मिशनरी प्रथम अहमदनगरास होते; तेथून ते कोल्हापुरास आले. शाळा, प्रवचने आणि गावोगाव फिरून पुस्तके वाटणे हा त्यांचा क्रम होता. त्यांचा पुत्र रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मास आला व पुढे अमेरिकन विद्यार्थ्यांच्या मिशनरी चळवळीचा एक प्रवर्तक म्हणून प्रसिद्धी पावला.

ख्रिस्ती कुटुंबांत सकाळी शास्त्रातील एखादे वचन वाचून दिवसाचा आरंभ करण्याची चाल आहे. वारकरी घरांत हरिपाठाची असते तशीच. आजारपण, कर्ज, पोराबाळांची काळजी, मरण, अशा प्रसंगी कोणते वचन आठवावे हेही परंपरेने ठरून गेलेले असते. प्रश्न असा की, पॅलेस्टाईनच्या डोंगराळ मुलखात जन्मलेली ही वचने करवीर प्रांतातील माणसाच्या कानी पडली, तेव्हा ती त्यास कितपत आपली वाटली असतील?

काही अगदीच परकी नव्हती. तेविसाव्या स्तोत्रात परमेश्वराला मेंढपाळाची उपमा दिली आहे. पावसाळा सरल्यावर कळप घेऊन हिंडणारा धनगर, त्याच्या खांद्यावरचे घोंगडे व हातातील काठी ही या भागातील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची. खतासाठी तो रात्री आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो आणि मोबदला म्हणून धनगरास धान्य देतो. त्याला त्या स्तोत्रावर भाष्य नको. थकल्या जिवांना आपल्याकडे बोलावून हलक्या जुवाचे आश्वासन देणारे मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचनही असेच. बैलाच्या मानेवर जू कसे बसते आणि कसे काचते, हे ज्यास ठाऊक आहे त्यालाच त्यातील खरी गोडी कळावयाची. उलट, पेरणी-कापणी न करणाऱ्या पाखरांनाही देव खाऊ घालतो, म्हणून तुम्ही चिंता करू नका, हा डोंगरावरील प्रवचनातील दाखला ऐकताना, जोंधळ्याच्या माळ्यावर दिवसभर गोफण फिरविणाऱ्या कुणब्यास हसू आले असल्यास नवल नाही. देव पाखरांना कोणाच्या शेतातून खाऊ घालतो, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार!

तथापि उपमांपेक्षा मोठी अडचण निराळीच होती, आणि ती कोल्हापुरातच सुरू झालेल्या एका पत्रव्यवहारावरून चांगली ध्यानात येते.

१८७८ च्या सुमारास पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी हे कोल्हापुरात नोकरीस होते. पत्नी आनंदीबाई यांना शिकवून मोठे करावयाचे, या एका ध्यासाने त्यांना पछाडले होते. अमेरिकेत तिच्या शिक्षणाची व आपल्या उदरनिर्वाहाची काही सोय होईल काय, अशी पृच्छा त्यांनी मिशनरी मंडळींकडे केली. वायल्डर तोपर्यंत स्वदेशी परतले होते व प्रिन्स्टन येथून ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचे मासिक चालवीत होते. त्यांनी ते पत्र आपल्या उत्तरासह मासिकात छापले. उत्तराचा मथितार्थ इतकाच की, आधी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार करा, मग साह्याचे पाहू. आयुष्याची वीसबावीस वर्षे ज्यांनी कोल्हापूरकरांत काढली, त्यांना येथील माणसाचा स्वाभिमान ओळखता येऊ नये, ही शोचनीय गोष्ट होय. भार वाहणाऱ्यांना बोलावणाऱ्या त्या वचनात अशी अट कोठेच घातलेली नाही. पण अट घालणाऱ्याचा हेतू दुष्ट होता, असेही म्हणवत नाही. आत्म्याचे कल्याण देहाच्या कल्याणाआधी, असा त्यांचा प्रामाणिक विश्वास होता.

मौज अशी की, तेच मासिक १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती पडले, तेही दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असताना. या बाई ना मिशनरी, ना विदुषी. त्यांनी वायल्डर यांचे उत्तर बाजूस सारले आणि त्या अनोळखी मुलीला सरळ पत्र घातले; आपले घर तिला मोकळे आहे असे कळविले. पुढे आनंदीबाईंची प्रकृती बिघडली तेव्हा औषधेही धाडली. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या त्या कोवळ्या वयाच्या आईस धीराची गरज होती, आणि तो धीर तिला मिळाला तो वचनांच्या उपदेशातून नव्हे, तर ती वचने लहानपणापासून ऐकलेल्या एका बाईच्या वागण्यातून.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजात भाषण केले व आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे निक्षून सांगितले. हे श्रीरामपूर म्हणजे विल्यम कॅरीचे गाव. नागपूरकडील पंडित वैजनाथ यांच्या मदतीने कॅरीने मराठी नवा करार १८११ साली छापून काढला तो तेथेच! जेथून मराठीतील ख्रिस्ती वचने प्रथम बाहेर पडली, तेथेच एका मराठी मुलीने हा निश्चय बोलून दाखवावा, आणि श्रोत्यांनी तो ऐकून घ्यावा, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे आनंदीबाईंना वैद्यकीची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंची आल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या स्त्रीविभागावर नेमणूक केली. परंतु कोल्हापूरच्या रोग्यांना त्यांचा हात लागावयाचा नव्हता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मावशींकडे पाठविल्या, व त्या पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

रमाबाई १८८३ सालीच इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईस काढलेल्या व पुढे पुण्यास हलविलेल्या शारदासदनातही तोच जुना प्रश्न उभा राहिला. बाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. मुली येऊन बसत. दुःखी विधवेला दिलासा देणे व तिला धर्मांतराकडे ओढणे यांतील सीमारेषा कोठे, यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले; पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारख्यांनीही सल्लागार मंडळ सोडले. वायल्डर यांच्यावर ठेवता येतो तो आक्षेप रमाबाईंवरही ठेवला गेला. फरक एवढाच की, रमाबाईंनी आश्रयाला अट घातली नव्हती.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींसाठी केडगावास मुक्तिसदन उभे राहिले. या मुलींपुढे चालू मराठी बायबल वाचताना रमाबाईंना जाणवले की, त्यातील संस्कृतप्रचुर शब्द त्यांना कळत नाहीत, आणि कळले तर कित्येकदा वेदान्ताचा भलताच अर्थ मनात आणतात. ज्या वचनाने धीर द्यावयाचा, तेच समजावून सांगावे लागले तर धीर कसला? म्हणून बाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि दळणाऱ्या-कांडणाऱ्या बाईस कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरविले. खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंत छापखान्याचे काम सदनातील मुलीच करीत. जुलै १८२१ नव्हे, १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली, तरी मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या; ग्रंथ पुरा होऊन १९२४ साली बाहेर पडला. मुक्तिसदनाच्या परिघाबाहेर तो फारसा रूढ झाला नाही. मराठी चर्चमधून वाचले जाते ते मुख्यतः बायबल सोसायटीचेच भाषांतर.